खांब हलत नाही

११ एप्रिल १९७८

प्रिय ग्लेब,

हे पत्र टपालाने येणार नाही. आपल्या कामाबद्दल टपालात काय लिहिता येतं आणि काय नाही, हे तुलाही पाठ आहे. उद्या तमारा दोन त्वरणमापक घेऊन मॉस्कोला निघते आहे. नेहमीप्रमाणे त्यांच्या पेटीसाठी गाडीत वेगळं तिकीट काढलंय, आणि नेहमीप्रमाणे पेटी बाकावर झोपून जाईल आणि तमारा शेजारी बसून. पत्र मी पेटीच्या लोकरी अस्तराखाली ठेवणार आहे. पेटी तू स्वतःच उघडतोस, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीस. तुझ्या स्वभावाचा कुणाला तरी उपयोग होण्याची ही दुसरी वेळ असेल. पहिली कोणती, ते आठवलं तर कळवीन.

आधी बातम्या, कारण तुला त्या आवडतात, विशेषतः स्वतःबद्दलच्या. कारखान्याच्या भोजनगृहाबाहेर, मानाच्या फळ्यावर, तुझा फोटो अजून आहे. सूपच्या वाफेने त्याचा खालचा कोपरा सुटलाय, त्यामुळे तू कुणापुढे तरी अदबीने वाकल्यासारखा दिसतोस. हे रूप तुला मूळच्यापेक्षा जास्त शोभतं. वाढणाऱ्या ल्यूबाने त्या कोपऱ्यावर दिवसाच्या जेवणाची यादी टाचायला सुरुवात केली आहे. ‘चाचणीच्या वेळेत चाळीस टक्के बचत’ या ओळीखाली आज ‘कोबीचं सूप’ असं लिहिलं होतं. माझ्या गॅलरीत राहिलेल्या तुझ्या स्की मी चाचणी दालनातल्या आपल्या जुन्या लुकिचला देऊन टाकल्या. त्याने त्यांच्यावर फळ्या ठोकून मासे ओढायची घसरगाडी केली. तीन हिवाळ्यांत तू त्या दोनदा वापरल्यास, तो रोज वापरतो. माझ्या मॉस्कोला बदलीचा अर्ज तू सगळा भरून, फक्त सहीची जागा मोकळी ठेवून पाठवलास, तोही मिळाला. त्याबद्दल शेवटी.

जोडणी विभागातल्या तोन्यामावशीची बातमी तू विचारली नाहीस, म्हणून तीही देते. पुढच्या मंगळवारी, अठरा तारखेला सकाळी दहा वाजता, समिती बसणार आहे. तिचा सात नंबरचा शिक्का कायमचा काढून घ्यायचा की परत द्यायचा, हे त्या दिवशी ठरेल. समितीपुढे एकच कागद आहे: जानेवारीतला तुझा निष्कर्ष. खाली दोन सह्या आहेत. पहिली तुझी, दुसरी माझी.

मी साध्या शब्दांत लिहिते आहे याचा राग धरू नकोस. अवघड शब्दांमागे तू फार सहज लपतोस, आणि आज मला तू उघड्यावर हवा आहेस. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर जे अकरा ओळींत आहे ते एवढंच आहे. त्वरणमापक म्हणजे नखाएवढा क्वार्ट्झचा लंबक, केसाहून बारीक बिजागरीवर टांगलेला. विमानाला धक्का बसला की तो हलू पाहतो, विजेचा प्रवाह त्याला जागेवर धरून ठेवतो, आणि किती प्रवाह लागला त्यावरून धक्का किती मोठा होता ते कळतं. धक्क्यांचा हिशेब ठेवत गेलं की आकाश न पाहता, रेडिओ न ऐकता, विमानाला आपण कुठं आहोत ते समजतं. अट एकच. धक्का नसेल तेव्हा त्याने शून्य म्हणावं, आणि आज जे शून्य म्हटलं तेच तीन महिन्यांनीही म्हणावं. त्या तीन महिन्यांत शून्याने गुरुत्वाकर्षणाच्या फार तर दहा दशलक्षांशाने सरकायला परवानगी आहे. मावशीने जोडलेल्या चारही यंत्रांचं शून्य तेराने सरकलं. तू लिहिलंस: ‘बिजागरीत जोडणीचा ताण राहिला आहे. कारण, जोडणाऱ्या कामगाराच्या हाताची वयोमानाने कमी झालेली स्थिरता.’

हे वाक्य तू मला वाचून दाखवलंस तेव्हा मी ‘वयोमानाने’च्या आधीचा स्वल्पविराम दुरुस्त केला. तेवढीच मी केलेली तपासणी.

चाचणीच्या मोठ्या खांबावर फक्त सात नंबरच्या शिक्क्याची यंत्रं ठेवली जातात, कारण सर्वांत वरच्या दर्जाची जोडणी कारखान्यात एकटी तोन्यामावशी करते. बाकीच्यांची यंत्रं साध्या टेबलावर दोन दिवसांत तपासून निघून जातात. म्हणजे तुझा शोध असा होता: ज्या खांबावर फक्त तिची यंत्रं असतात, त्या खांबावर फक्त तिचीच यंत्रं सरकतात. यावर सभेत टाळ्या पडल्या होत्या. त्यात एक जोडी माझीही होती.

खांबाबद्दल लिहिताना मला अजूनही आवाज खाली आणावासा वाटतो. कारखान्यात पहिल्या दिवशी नव्या माणसाला कपड्यांची कपाटं नंतर दाखवतात, आधी खांब दाखवतात. नऊ मीटर खाली खडकात रोवलेला, इमारतीला कुठेही न टेकणारा, भोवती एका तळहाताची पोकळी. लुकिच प्रत्येकाला तेच सांगतो: “छप्पर हलेल, भिंत हलेल, मंत्रालय हलेल, खांब हलत नाही.” मी पाच वर्षं हे वाक्य ऐकलं, दोन वर्षं स्वतः नव्या मुलींना ऐकवलं. मोजायचं शिक्षण घेतलेली बाई मी, आणि एका गोष्टीचं माप कधी घेतलं नाही, कारण ते वाक्य चांगलं होतं.

जुन्या माणसांनी मात्र घेतलं होतं, कळत नकळत. जुन्या पद्धतीत दर आठवड्याला यंत्र उलट बाजूला फिरवायचं, हातांची आणि मोटरची ऊब जायला सहा तास थांबायचं, आणि मग वाचायचं. यंत्राचा स्वतःचा दोष असेल तर तो कसंही फिरवा तसाच राहतो. दोष बाहेरचा असेल, तर फिरवल्यावर अधिकचा उणे होतो. दोन्ही वाचनांची बेरीज करून निम्मं केलं की बाहेरचं सगळं गळून पडतं आणि यंत्राचं खरं शून्य उरतं. तू ते फिरवणं काढून टाकलंस. खांब जर हलत नसेल, तर फिरवायचं कशाला? चाळीस टक्के वेळ वाचला. तुला बक्षीस मिळालं, मानाचा फळा मिळाला, मॉस्को मिळालं, आणि वर्षअखेर प्रबंधही पुरा होईल म्हणतात. एखादी गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहायचा तुला पहिल्यापासून कंटाळा होता. त्या कंटाळ्याची पद्धत होऊ शकते हे मात्र मला सुचलं नसतं. तेवढी बुद्धी तुझ्यात आहे.

आपल्या दालनातली हाक तुला आठवते का? यंत्राची तबकडी फिरवायच्या आधी ओरडायचं, “फिरवतेय, हात काढा!” आणि पलीकडच्याने म्हणायचं, “काढला!” आच्छादनामुळे पलीकडचा माणूस दिसत नाही आणि तबकडीखालचे दाते बोटाला माफ करत नाहीत, लुकिचच्या डाव्या करंगळीला वरचं पेर नाही. उत्तर आलं नाही तर पुन्हा हाक द्यायची. तीन हाका झाल्या की फिरवणारा मोकळा. माझ्या पहिल्याच आठवड्यात मी तीनदा ओरडले, उत्तर नाही, मी फिरवलं. पलीकडून “अगं, अगं!” असा आवाज आला. तुझ्या बाहीचं बटण दात्यांत सापडून तुटलं आणि टणटणत खांबाच्या पोकळीत गेलं. तू फाटकी बाही धरून हसत बाहेर आलास आणि म्हणालास, “मला बघायचं होतं, तू खरंच फिरवतेस की नाही.” लुकिच म्हणाला, “बघितलंत ना साहेब? आता लग्नाचं विचारा, बोटं आहेत तोवर.” मी तेव्हा बावीस वर्षांची होते. एका मुलीच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पाहण्यासाठी जो माणूस मोजमाप अडवून धरतो, तो मला खेळकर वाटला. बटण अजून खालीच आहे. दिवा धरला की दिसतं.

तोन्यामावशीने शिक्का दिला तो दिवस तू तुझ्या पद्धतीने सांगत असशील, म्हणून मी पाहिला तसा लिहून ठेवते. दोन फेब्रुवारी. तिने तो पितळी शिक्का स्पिरिटने पुसला, दोरीसकट तुझ्या टेबलावर ठेवला. सव्वीस वर्षं तो तिच्या गळ्यात होता. सात नंबर उमटला की पुढे कुणी तपासायचं नाही, एवढा त्याचा अर्थ. तू खुर्चीतून उठला नाहीस. ती म्हणाली, “माझे हातच म्हातारे झाले असतील, ग्लेब अर्काद्येविच. आकडा कशाला खोटं बोलेल?” तू म्हणालास, “वाईट वाटून घेऊ नका, आवेष्टन विभागात, पेट्या भरायलासुद्धा नाजूक हात लागतातच.” आणि ती गेल्यावर मला म्हणालास, “बघ, किती शहाणी बाई आहे. वाद घातला नाही.”

याच बाईच्या हातांवरून तू दोन वर्षांपूर्वी सभेत बोलला होतास. सप्टेंबरात सगळा कारखाना बटाटे काढायला सामूहिक शेतावर जातो, जोडणी विभागातल्या बाया जात नाहीत. कुदळ धरलेला हात आठवडाभर सूक्ष्मदर्शकाखाली चालत नाही. तू म्हणालास, “हातांचे लाड बंद करा. आम्हीही माणसंच आहोत.” शेतावर तू किती सरी काढल्यास ते मला माहीत आहे, कारण शेजारची सर माझी होती आणि तुझी अर्धीही मीच काढली. मावशी तर घरीसुद्धा कणीक मळत नसे. रविवारी मळलं तर सोमवारी बोटं जड होतात. तिच्या घरी सव्वीस वर्षं विकतचा पाव.

आता माझं. तू गेलास एक मार्चला. पाच तारखेला, रविवारी, मी खास परवानगी काढून दालनात आले आणि तिचं एक यंत्र फिरवलं. हे मी तोन्यामावशीसाठी केलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं असं आहे की तुझ्या प्रबंधावर कुणीतरी विचारील, जुन्या पद्धतीने एकदा तरी पडताळलं का, आणि तुझ्याकडे उत्तर नसेल, म्हणून मी ते तयार करायला गेले होते. तुला भेट म्हणून पाठवणार होते. सरळ बाजूला वाचन अधिक सोळा. फिरवलं, सहा तास बसून राहिले, बरोबर आणलेली उकडलेली अंडी खाल्ली. वाचन आलं उणे पंधरा.

मी तारा तपासल्या. मग स्वतःला तपासलं, की उलटं तर वाचत नाही. मग बेरीज करून निम्मं केलं. अर्धा. तेरा नाही, सोळा नाही, अर्धा. पुढचे पाच रविवार मी चारही यंत्रांवर तेच केलं. परवा, नऊ तारखेला, शेवटचं वाचन झालं. नोव्हेंबरपासून आजवर त्यांतलं सर्वांत वाईट यंत्र दीडने सरकलं आहे. परवानगी दहाची. ग्लेब, या कारखान्यात यापेक्षा स्थिर यंत्र कुणी जोडलेलं नाही. ज्या हातांना तू म्हातारे म्हणालास त्यांनी ते जोडलंय.

आठ मार्चला तू महिला दिनाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलास. उघड बोलता येत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, “तुझा सात नंबरचा पाहुणा कूस बदलली की उलटं बोलतो.” तू क्षणभर गप्प होतास. मी तो क्षण तेव्हा मोजला नाही, नंतर मोजला. मग तू हसलास. “रिम्मोच्का, सणाच्या दिवशी तरी यंत्रं सोड. फुलं मिळाली का?” मिळाली होती. मी सांगितलं, “तो चारही वेळा उलटं बोलेल, असं मला वाटतं.” तू म्हणालास, “तुला विश्रांतीची गरज आहे.” त्यानंतर हवामानावर बोललास.

कारण मला लुकिचने दिलं, आणि तेही तुझ्या स्कींवर बसून. मार्चच्या मध्यावर तो मासे मारून परत येत होता, घसरगाडी रिकामी. नेहमीसारखं मला वडिलांच्या नावाने हाक मारून म्हणाला, “इगोरेव्ना, काठाचं बर्फ लोंबकळतंय बघ. खाली पाणीच नाही. भोक पाडलं तर थेट चिखल. मासे मॉस्कोला गेले वाटतं तुझ्या साहेबामागून.” मी विचारलं, पाणी किती उतरलं. “दरवर्षीसारखंच. वसंतातल्या पुराला जागा हवी म्हणून धरणवाले हिवाळाभर सोडत राहतात. पाचसहा मीटर तरी गेलं असेल.” हे तो मला सहज सांगत होता. गावातल्या प्रत्येक मासे मारणाऱ्याला हे माहीत आहे. कामा नदीवरच्या या जलाशयापासून तीनशे मीटरवर आपण जगातली सर्वांत बारीक मापं घेतो, आणि हिवाळाभर तिथून सहा मीटर उंचीचं पाणी उचललं जातं, जमिनीवरचं तेवढं ओझं उतरतं, नदीकडची बाजू किंचित वर येते, हे आपल्यापैकी एकाही शिकलेल्या माणसाच्या लक्षात आलं नाही. किंचित म्हणजे किती, तेही सांगते. एक किलोमीटर लांब तुळई घेतलीस आणि तिचं एक टोक जेमतेम दोन सेंटिमीटर उचललंस, तर जेवढी कलेल तेवढी. खांब तेवढा कलला की वरचा लंबकही त्या बाजूला ओघळू पाहतो, आणि शेवटच्या वाचनातले अठरा-एकोणीस दशलक्षांश त्यातून बरोबर येतात. मी धरणाच्या कचेरीतून रोजच्या पातळीचा तक्ता आणला. एका कागदावर पाणी काढलं, दुसऱ्यावर यंत्रांचं वाचन. उजेडावर एकावर एक धरले. एकच रेघ दिसते.

हे सगळं मी दुसऱ्यांदा तुला कळवलं, सत्तावीस मार्चला, तमाराच्याच हाती, याच पेटीतून, चिठ्ठीत आकड्यांसकट. तमारा परत आली ती चॉकलेटचा डबा घेऊन. वर क्रेमलिनचं चित्र होतं. मी विचारलं, “आणि उत्तर?” ती म्हणाली, “म्हणाले, लाडोबाला सांग की जूनमध्ये निवांत बोलू.” जूनपर्यंत समिती होऊन गेलेली असेल आणि पूर येऊन खांबही जागेवर आलेला असेल, हे तुला कळत नव्हतं असं मी आणखी काही दिवस धरून चालले. चॉकलेटं मी आवेष्टन विभागात वाटली. मावशीने एक घेतलं, चांदी घडी करून खिशात ठेवली.

परवा रविवारी वाचन संपवून मी थेट तिच्या घरी गेले. ती कणीक मळत होती. ओट्यावर मासे भरलेली मोठी पोळी भाजायला तयार, कोपरापर्यंत पीठ. “ये गं पोरी. बघ, आता मळायला मोकळी झाले. सव्वीस वर्षांत नवऱ्याला कधी घरचं खाऊ घातलं नाही, आता खायला तो नाही.” मी तिला सांगितलं, मावशी, तुझे हात ठीक आहेत, खांब कलतो. तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती रागावली. “असं काही बोलू नकोस. तो खांब माझ्या येगोरने ओतलाय. मी त्याला डबा घेऊन जायची, तेव्हा खड्ड्यातून फक्त त्याची टोपी दिसायची. माझे हात थरथरतात ते थरथरतात. त्याच्या खांबाला नाव ठेवू नकोस.” मी म्हटलं, खांब शाबूत आहे, खालचा खडकच कलतो, नदीमुळे. ती पिठाचा हात दिव्यापुढे धरून बघत राहिली. मीही बघितला. एक बोट हलत नव्हतं. “म्हणजे मी उगाचच सुईत दोरा शेजारणीकडून ओवून घेते?” तिने विचारलं. तू दिलेल्या आकड्यावर त्या बाईने एवढा विश्वास ठेवला, की स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास उरला नाही. तेवढा विश्वास मीही ठेवला होता, पण माझं काय गेलं? सुट्टीचे सहा दिवस.

काल सकाळपर्यंत मी तुला मूर्ख समजत होते. हे तुला अपमानास्पद वाटेल, पण त्यात माझी सगळी माया होती. मूर्ख माणसाबरोबर राहता येतं. मी तीन वर्षं राहिले. काल मी समितीसाठी डिसेंबरच्या नोंदी उतरवायला घेतल्या. नोंदवही शिवलेली, पानांना आकडे, शेवटी मोहर. पान फाडता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून तू ते फाडलं नाहीस. पान सत्तेचाळीस, अकरा डिसेंबर. तो रविवार होता. मी त्या दिवशी आईकडे होते आणि तू सर्दी झाली म्हणून घरी थांबला होतास. दालनात सगळं शाईने लिहायचं असतं. त्या पानावर शाईच्या नोंदीखाली कागद खरखरीत लागला. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं. वही त्यात आडवी धरली तर पुसलेल्या पेन्सिलीचे दाब स्पष्ट दिसतात. सरळ: अधिक पाच. उलट: उणे चार. चारच्या खाली दोनदा ओढलेली रेघ, आणि बाजूला प्रश्नचिन्ह, ज्याचा वरचा वळसा तू नेहमी उलटा काढतोस. तू फिरवून पाहिलं होतंस, ग्लेब. तू सहा तास थांबला होतास. तुला कळलं होतं, आणि मग तू खोडरबर घेतलंस, आणि सात आठवड्यांनी त्या बाईने शिक्का पुसून समोर ठेवला तेव्हा खुर्चीतून उठलाही नाहीस. आठ मार्चचा तो क्षण मी काल रात्री मोजला. मूर्ख माणूस एवढा वेळ गप्प राहत नाही.

बदलीचा अर्ज सोबत आहे. सही नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी पाण्याची आणि यंत्रांची रेघ काढली आहे. कागद चांगला होता. आणि पत्र काढून झाल्यावर हे अस्तर फेकू नकोस. ते मावशीने आवेष्टन विभागात गेल्यावर शिवलंय. भिंग घेऊन दोन टाक्यांमधलं अंतर मोज, कुठूनही कुठवर. मोजणं तुला येतं, हे आता मला माहीत आहे.

मंगळवारी दहा वाजता मी माझी सही मागे घेणार आहे. का घेतली, ते लिहून देणार आहे: मी न फिरवता सही केली. मला त्याचं जे काय व्हायचं ते होईल. त्यानंतर सहा रविवारांची वाचनं, धरणाचा तक्ता आणि नोंदवही समितीपुढे ठेवीन. पान सत्तेचाळीस कोणत्याही परिस्थितीत उघडेल. तू पत्र लिहिलंस, रडलास, गाडीत बसून आलास, तरी उघडेल. मग हे पत्र कशासाठी, असं तू विचारशील. समजावण्यासाठी नाही, तुला माझ्याआधी समजलं होतं. माफीची वाट बघण्यासाठीही नाही. आपल्या दालनात एक नियम आहे, आणि पलीकडे कोण आहे याने तो बदलत नाही. पहिली हाक मी आठ मार्चला दिली, दुसरी सत्तावीसला. ही तिसरी. तमारा शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तुमच्या फाटकाशी थांबेल. निष्कर्ष मागे घेत असल्याचा तुझ्या सहीचा कागद तिच्याजवळ दिलास, तर मंगळवारी पान उघडेल तेव्हा तुझा हात त्यावर नसेल. नाही दिलास, तर असेल. मी खरंच फिरवते की नाही, हे तुला एकदा बघायचं होतं आणि तू बघितलं आहेस. फिरवतेय, ग्लेब. हात काढ.

तुझीच, अठरा तारखेच्या सकाळी दहापर्यंत,

रिम्मा